डावीकडचे पान

माघातल्या सकाळी कारध्याला सूर्य गावाच्या पाठीमागून वर येतो, आणि त्यामुळे गावाच्या वाट्याला ऊन सर्वांत शेवटी येते. वैनगंगेच्या या तीरावर निळसर सावली अजून अंग चोरून बसलेली असते, तेव्हा पलीकडे भंडारा शहरातल्या उंच पाण्याच्या टाकीचा माथा हलकेच पिवळा होतो. त्या पिवळेपणाला घाई नसते. तो टाकीच्या कठड्यावरून खाली उतरतो, कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर रेंगाळतो, मग एका खिडकीच्या काचेत क्षणभर इतका भडकतो की घरात कोणी दिवा लावला असे वाटावे, आणि पुन्हा मवाळ होऊन घाटाच्या पायऱ्यांवर येतो. मध्ये नदी असते. खालच्या धरणाचे पाणी मागे फुगून आल्यापासून ती वाहते आहे की थांबली आहे, हे त्या वेळी सांगता येत नाही. धुके तिच्या अंगाला लागून बसलेले असते. त्याच्या वरच्या कडेला उन्हाचा स्पर्श झाला की ते आधी दुधाळ, मग पारदर्शक होते, आणि मग केव्हातरी, कोणी पाहत नसताना, नसते. पुलावरून जाणाऱ्या ट्रकांचे दिवे पेटलेलेच असतात, पण आता ते कोणाला काही दाखवत नाहीत. सर्वांत शेवटी, पलीकडचे सगळे उजळून झाल्यावर, ऊन मागच्या कौलांवरून वाकून अंगणात येते: आधी पाण्याच्या बादलीच्या कडीवर, मग गोठ्याच्या खांबावर, मग ओट्याच्या काठावर, आणि तेथून बोटभर बोटभर सरकत प्रितमच्या मांडीवरच्या उघड्या वहीवर.

"काय रे बापू, उजेड पिऊन पोट भरते का तुह्यं?" उषाबाईंनी दारातून विचारले. "चहा थंडा होऊन राहिला."

"येतो, आई."

"मघापासून येऊनच राहिला."

तो हसला, पण उठला नाही. आज निंबार्ते सर भूगोलाच्या वह्या तपासणार होते. वहीच्या तपासणीवर अंतर्गत गुण अवलंबून होते, आणि सरांचा नियम बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या प्रत्येकाला ठाऊक होता: वर्गात जे सांगितले ते, सांगितले तसे, वहीत असले पाहिजे. प्रितमच्या वहीत ते तसे नव्हते. शिवाय वहीच्या तपकिरी वेष्टनावर दोन नावे होती. एक त्याचे. दुसरे रीनाचे, आणि रीना दिवाळीनंतर वर्गात आलेली नव्हती.

जुन्या पुलावरून सायकल नेताना त्याने मनाशी ठरवलेले एकच वाक्य पुन्हा घोकले. नाव खोडायचे नाही.

*

निंबार्ते सर शिकवत नसत, सांगत असत. पिवळ्या पडलेल्या कागदांचा एक गठ्ठा ते टेबलावर ठेवत आणि त्यातून एकेक ओळ अशा सपाट स्वरात वाचत की विरामचिन्हेसुद्धा शब्दांच्या रांगेत उभी राहत: "नदीची तीन कार्ये आहेत, दोन टिंबे, खनन, स्वल्पविराम, वहन व संचयन, पूर्णविराम." भरलेल्या वर्गातली सगळी डोकी खाली, सगळी पेने एकाच चालीत. बाहेर कोणी नुसते कान लावून उभे राहिले असते तर त्याला पावसाची भुरभूर ऐकू येते आहे असेच वाटले असते.

पहिल्या वर्षी या भुरभुरीतून पहिल्यांदा डोके वर काढले ते रीनाने. शहापूरच्या ताराचंद यांची ही मुलगी. महामार्गाला लागून त्यांचे खते-बियाण्यांचे दुकान होते. एका तासानंतर तिने प्रितमच्या वहीवर तळहात ठेवला आणि विचारले, "आता सांग, काय सांगतलं सरनं?"

प्रितमला सांगता आले नाही. अख्खी तीन पाने त्याच्याच हाताने लिहिलेली होती.

"मले बी नाही येत," ती म्हणाली. "म्हणजे पाहाय, आपण दोघंही लिवून राहिलो अना दोघंही आयकून नाही राहिलो. उद्यापासून तू लिव. मी आयकते."

तेव्हापासून त्यांची एकच वही झाली. वर्गात रीना पेनाला टोपण लावून बसे आणि सरांच्या तोंडाकडे बघे. प्रितम तिच्या वाट्याचेही लिही. तास संपला की सायकल स्टँडमागच्या कडुनिंबाखाली ती वही मिटून घेई आणि ऐकलेले सांगे. जे तिच्याकडून सुटे ते तो वहीतून भरे. आणि मग ती विचारी, "काहून?" नदी खालच्या टप्प्यात वळणे काहून घेते? गाळ काठालाच काहून टाकते? चार माणसांत स्वतःचे नाव सांगतानाही ज्याची जीभ अडखळे, तो प्रितम त्या एका शब्दापुढे बोलू लागे, हाताने हवेत नदी काढू लागे. या बोलण्यातून जे हाती येई, ते लिहिण्यासाठी त्यांनी डावीकडची पाने कोरी ठेवली होती. पहिल्या वर्षी सरांच्या ऐवजी वह्या तपासणाऱ्या मॅडमनी ती दोन नावांची वही पाहिली, हसल्या, आणि दोन्ही नावांपुढे सही केली. पुढच्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्या गावी गेल्या.

दिवाळीनंतर कॉलेज उघडले तेव्हा रीनाची जागा रिकामी होती. प्रितम आठवडाभर नेहमीसारखा लिहीत राहिला, आणि कडुनिंबाखाली एकटाच बसून वही उघडू लागला. पाने मुकी होती. त्यांतले एकही वाक्य त्याच्याशी बोलेना. तेव्हा एका सकाळी, सरांनी पहिली ओळ उच्चारताच, त्याने पेनाला टोपण लावले.

त्या दिवशी त्याने निंबार्ते सरांना पहिल्यांदा पाहिले. कागदावरून ओळ उचलताना त्यांचा आवाज सपाट असे. पण मध्येच एखाद्या क्षणी ते कागद विसरत, खिडकीबाहेर बघत आणि महापुरात एका रात्रीत सरकलेल्या वाळूच्या बेटाविषयी बोलू लागत, तेव्हा तो आवाज दुसऱ्याच माणसाचा होई. अशा वेळी वर्गातली पेने थांबत. सर 'लिहा' म्हणाले नव्हते म्हणून मुले हात झटकून घेत, घड्याळाकडे बघत. प्रितमला वाटले, खरा तास एवढाच असतो.

मग तो कडुनिंबाखाली लिहू लागला. उजवीकडे त्याला जे समजले ते, स्वतःच्या शब्दांत. आणि प्रत्येक वाक्याला एकच कसोटी. जी वर्गात नव्हती, त्या रीनाला हे एकदा वाचून कळेल का? नसेल कळत तर वाक्य खोडायचे, दुसरे मांडायचे, चित्र काढायचे. पाठ्यपुस्तकातली नदी ओळखीची वाटेना, तेव्हा त्याने कारध्याचा घाट काढला आणि गाळ कोठे साचतो ते बाणाने दाखवले. आणि डावीकडे त्याने तिचे प्रश्न लिहिले, तिच्याच बोलीत. 'अठी पान्याचा जोर कमी काहून झाला?' 'पूर येते तं शेतकऱ्याचं नुकसानच होते का, का माती बी भेटते?' ती परत येईल तेव्हा तिला काही मागे पडल्यासारखे वाटू नये, म्हणून.

ती येणार होती. याविषयी त्याने कोणाशी वाद घातला नाही. त्याने फक्त दुसरे काही ऐकून घेतले नाही. रीनाचा भाऊ विक्की पुण्याला कंपनीत गेला, वडिलांनी तिला गल्ल्यावर बसवले, परीक्षा आली की ती निघून येईल. इतके सगळे त्याने स्वतःच जुळवले होते. तिला संदेश पाठवला की उत्तरादाखल नुसता अंगठा येई. अंगठ्याचा अर्थ 'होय' असतो, असे तो धरून चालला होता.

*

"अबे प्रितम," फाटकाशीच कैलाश भेटला. तो नाकाडोंगरीचा, वसतिगृहात राहणारा. वर्गातल्या प्रत्येकाची खबर त्याला असे. "तुही वही कोनाची हाय आखिर? तुही का रीनाची?"

"दोघांची."

"मंग सर अर्धेच मार्क देईन. अर्धे तिच्या घरी पोस्टानं."

"देऊ दे."

"पाहाय, मस्करी नाही करून राहिलो." कैलाशने आपली वही पुढे केली. "मी रातच्याला चिन्मयच्या वहीची झेरॉक्स समोर ठेवून पुरी उतरवून काढली. काय लिवलं ते मले माहीत नाही, पन हाय सगळं. तू बी तिचं नाव खोड, अना घे उतरवून. ती तं सोडून गेली ना बे."

"सोडलं असं तिनं कवा म्हटलं?"

"म्हनाले का लाउडस्पीकर लावन ती?"

"मले तिनं असं काही सांगितलं नाही," प्रितम म्हणाला, आणि पायऱ्या चढून गेला.

सरांनी वह्या हजेरीच्या क्रमाने घेतल्या. प्रत्येक वहीत ते दोन ठिकाणी बोट ठेवत, आपला कागद पाहत, सही करत. प्रितमची वही आली तेव्हा दिवाळीनंतरच्या पानांवर त्यांचे बोट टेकायला जागा शोधू लागले. त्यांनी एक पान उलटले, दुसरे उलटले, चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"नोट्स, सर."

"कोणाच्या? मी तर हे सांगितले नाही." त्यांनी वही वर्गाकडे वळवली. " 'काहून झाला', 'का माती बी भेटते'. ही विद्यापीठाच्या परीक्षेची भाषा आहे?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "वहिनीची भाषा हाय सर," आणि हसणे दुप्पट झाले.

प्रितमचे कान पेटले. नेहमीची गोष्ट असती तर तो खाली बसला असता. पण तो उभा राहिला.

"परीक्षेत मी परीक्षेच्या भाषेत लिहीन, सर. पण समजताना मला याच भाषेत समजते."

हसणे थांबले; हा मुलगा इतके लांब वाक्य बोलतो, हे वर्गाला नवे होते.

"असे?" सर म्हणाले. ते रागावलेले नव्हते; ही गोष्ट अधिक वाईट होती. "वाच मग. नदीचे वहनकार्य. आम्हालाही समजू दे."

त्याने वाचले. नदी मोठे दगड तळावरून ढकलत नेते, जसे आपण पोते ओढतो. लहान खडे उड्या मारत जातात. पुराच्या वेळी घाटावर कान लावला तर त्यांची टकटक ऐकू येते. बारीक माती पाण्यात तरंगत जाते, म्हणून पावसाळ्यात नदीचा रंग बदलतो. पुढच्या बाकावरच्या दोन मुली आपल्या वह्या विसरून त्याच्याकडे बघत होत्या. तो थांबला.

"संपले?" सरांनी विचारले.

"हो सर."

"चौथा प्रकार कोठे आहे?"

प्रितमने पान पाहिले. चौथा प्रकार नव्हता.

"क्षार. चुना. पाण्यात विरघळून जाणारा भार, जो डोळ्यांना दिसत नाही." सरांनी आपल्या कागदावर बोट टेकले. "तू ऐकत बसलास, आणि हे तुझ्या कानावरून गेले. ज्याने समजून न घेता उतरवले, त्याच्या वहीत हे आहे. या भागात पुस्तक मिळत नव्हते तेव्हा मी या नोट्स केल्या, बाळ. यांच्यावर पोरं तलाठी झाली, मास्तर झाली. म्हणून मी म्हणतो, आधी जसेच्या तसे लिहा."

चूक चूक होती.

"आणि हे दुसरे नाव?" सरांनी वेष्टन पाहिले. "ही मुलगी कित्येक दिवस वर्गात नाही. एका वहीवर एक विद्यार्थी. हे खोड, आणि डिक्टेशन पूर्ण लिहून आण."

"नाही, सर."

"काय नाही?"

"चौथा प्रकार लिहीन. पण नाव खोडणार नाही. डिक्टेशनही उतरवणार नाही."

कोणीतरी जीभ चावली. सरांनी पेन टेबलावर ठेवले. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"सोमवारी," ते म्हणाले. "एक तर ती मुलगी माझ्यासमोर उभी कर, नाहीतर मी सांगितले तसे करून आण. दोन्ही नसेल तर तुझ्या नावापुढे मी काहीच लिहिणार नाही. वर्ष तुझे आहे."

*

रविवारी शहापूरला जाणाऱ्या काळीपिवळीत दोन बायकांच्या पिशव्यांमध्ये अवघडून बसलेला प्रितम एक वाक्य तयार करत होता. काका, रीनाला कॉलेजात पाठवा. हे वाक्य तो अनेक महिने ज्या माणसाला मनातल्या मनात ऐकवत आला होता, तो ताराचंद त्याच्या कल्पनेत नेहमी आडदांड आणि मिशीवाला असे. दुकानाच्या पायरीवर गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला, दात पडलेला, हसरा माणूस पाहून ते वाक्य त्याच्या तोंडात अवघडून उभे राहिले.

"तूच का गा प्रितम? कारध्याचा? ये, ये. बस. चहा सांगतो."

"काका," तो उभ्यानेच म्हणाला, "रीनाला कॉलेजात पाठवा."

ताराचंद मोकळे हसले. "मी अडवलो का बावा तिले? मी तं रोज म्हनतो, जाय बाई, शिक. तं मलेच म्हनते, बाबा, तुमाले गिऱ्हाईकाशी बोलाचं कळत नाही, तुमी पायरीवर बसा. पाहाय, बसवलं मले अठी." त्यांनी पायरीवर थाप मारली. "तिलेच विचार."

प्रितमने विश्वास ठेवला नाही. घरची माणसे परक्यासमोर असेच बोलतात.

रीना गल्ल्यामागे होती. तिने त्याला पाहिले, हाताने 'थांब' अशी खूण केली, आणि पुन्हा समोरच्या बाईकडे वळली. गावातली कलाबाई आपल्या बांधीतली, म्हणजे खाचरातली, धानाची पिवळी रोपे पदरात घेऊन आली होती.

"उन्हाळी धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले व माय. जालीम औषध दे एखादं."

"पानी कवाचं हाय बांधीत?" रीनाने विचारले.

"भरूनच ठेवलं ना. वाफसा कायले होऊ देऊ?"

"रातचं बी?"

"रातचं बी."

"अना खालच्या बांधीतले बी पिवळे हायेत का वरच्यातलेच?"

बाई थांबली, आठवू लागली. गालावर हात ठेवून ती त्या बाईच्या आठवण्याकडे बघत होती, जशी ती वर्गात सरांच्या तोंडाकडे बघे. दुःखी माणसाचा चेहरा कसा दिसतो हे त्याला ठाऊक होते. तोच पाहण्याची तयारी करून तो आला होता. हा चेहरा तो नव्हता.

"औषध नोको नेऊ, मावशी," शेवटी ती म्हणाली. "आधी थंडं पानी सकारी काढ, ऊन लागू दे. चार दिवसानं येजो अना मले सांगजो. नाही झालं तं मंग पाहू."

"दुकानदार हायेस का कोन व तू? विकूनच नाही राहिली."

"तू परत येशीन ना म्हनून."

बाई हसत गेली. रीनाने हात पुसले. "बोल. तू अठी कसा?"

त्याने वही तिच्यापुढे ठेवली. तिने आधी वेष्टनावरचे आपले नाव पाहिले, पण त्यावर काही म्हटले नाही. खताच्या पोत्यावर बसून ती वाचू लागली. बराच वेळ वाचत राहिली. मध्ये एक गिऱ्हाईक आले, त्याला तिने वडिलांकडे पाठवले. ताराचंद उठून आत आले, आणि जाताजाता त्यांनी प्रितमकडे पाहून 'बघितलंस ना?' अशी मान हलवली.

"बम भारी लिवलं बे," ती म्हणाली. "घाटाचं चित्र तं पाहूनच समजते. मी वर्गात राहती तं मले बी इतकं नसतं समजलं." मग तिचे बोट थांबले. "अठी एक सुटलं. विरघळून जाते ते. युरिया पान्यात टाकला तं दिसते का? पन जाते ना शेतात."

"सरनं बी हेच पकडलं."

"मंग! सर काही येडे नाहीत."

दोघेही हसले, आणि त्या हसण्यात सगळे पूर्वीसारखे झाले आहे असे त्याला वाटले. "सोमवारी चाल," तो घाईने म्हणाला. "एकच दिवस. सरसमोर उभी राह्य. बाकीचं सगळं हाय याच्यात. तुह्ये प्रश्न बी लिवून ठेवले मी, डावीकडं."

"माह्ये?" तिने डावीकडचे पान पाहिले. " 'नदी जुनी वाट सोडून जाते तं ते जुनी वाट मंग कोनाची राहते?' हे मी कवा विचारलं?"

"विचारलं असतं."

"नाही बावा. मी असं काहून विचारन? मी विचारलं असतं, सोडलेल्या पात्रात धान होते का." तिने मान हलवली. "हे तुह्ये प्रश्न हायेत, प्रितम. पुरे तुह्ये."

"मंग तू रोज काहून काहून कायले म्हनत होती?"

"तू बोलावं म्हनून. अर्ध्याचं उत्तर तं मले माहीत राहे. तू लिवत होता तं लिवतच राहे. कोनी इचारल्याशिवाय तुह्या तोंडातून शब्द निंघत नव्हता."

पोत्यांच्या थप्पीमागे वजनकाट्याचा आवाज झाला. प्रितमने वही आपल्याकडे ओढली नाही; तिनेही पुढे केली नाही.

"सर नाव खोडाले सांगते," तो म्हणाला.

"मंग खोड ना."

"नाही खोडत मी."

"काहून?" तिने विचारले, आणि या वेळी तिला उत्तर खरेच माहीत नव्हते, किंवा माहीत असूनही तिने ते त्याच्याकडूनच मागितले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मले अठी कोनी बसवलं नाही. मीच बसली. अठी लोकं माह्यं आयकून पेरतात, मले गोड लागते ते. शिकाचं तं शिकन, बियान्याचं काही शिकन. पन तठी नाही येत मी. अना मी हे तुले सांगतलं होतं."

"नाही सांगितलं."

"सांगतलं होतं."

"नाही," तो इतक्या ठामपणे म्हणाला की ताराचंदांनी काट्यावरून मान वळवली. "तू असं काही सांगितलं नाही."

रीनाने त्याच्याकडे पाहिले. वाद घालण्याची तिची सवय त्याला ठाऊक होती. ती वाद घालत नव्हती. तिने वही दोन्ही हातांनी उचलून त्याला दिली. चहा आला होता, त्याच्यावर साय धरली होती. तो तसाच ठेवून प्रितम महामार्गावर आला.

*

सोमवारी सरांनी हजेरी घेतली, कागदांचा गठ्ठा उघडला नाही, आणि विचारले, "प्रितम. आणलीस तिला?"

"नाही, सर."

"वही उतरवून आणली?"

"नाही, सर. चौथा प्रकार लिहिला. तेवढाच." तो उभा होता आणि त्याचे हात बाकाच्या कडेवर होते, पण ते आधारासाठी नव्हते.

"आणि नाव?"

"आहे तसेच आहे."

कैलाशने खालून त्याच्या शर्टाची बाही ओढली. त्याने ती सोडवून घेतली.

"दीड वर्ष मी तुमचा प्रत्येक शब्द लिहिला, सर," तो म्हणाला. "तेव्हा मी तुमचे काहीच ऐकले नाही. आता लिहीत नाही, तर तुम्ही वाळूच्या बेटाचे सांगितले ते मला आठवते. माझे एक सुटले, उद्या आणखी एखादे सुटेल. तुम्ही ते दाखवाल तर मी लिहीन. पण पुन्हा न ऐकता लिहिणार नाही. गुण द्यायचे नसतील तर देऊ नका."

"हट्ट आहे हा."

"हो, सर."

वर्गात कोणी हसले नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीने आपल्या पेनाला टोपण लावले. हे मुद्दाम होते की नाही ते कळले नाही.

"ते तुझे झाले," सर म्हणाले. "पण दुसऱ्याचे नाव ठेवायचा तुला काय अधिकार?"

"ही रीत तिची आहे. एकाने ऐकायचे, विचारायचे, मग लिहायचे. मी तिचे नाव खोडले तर ही माझीच होती असे होईल."

सरांनी वही उघडली, नवी ओळ वाचली, तिच्याखाली लहानशी बरोबरची खूण केली, आणि गुणांच्या यादीत प्रितमच्या नावापुढची जागा कोरीच ठेवून यादी मिटली. दोन्ही गोष्टी त्यांनी त्याला दिसतील अशा केल्या. प्रितमने मान हलवली. त्याला हे मान्य होते. त्याला वाटले, आता आपण बसावे.

"थांब," सर म्हणाले. त्यांनी कागद बाजूला सारला होता, आणि आवाज तो दुसरा होता, कागद विसरल्यावरचा. "अंतर्गत गुण तू घालवलेस, तो तुझा प्रश्न. मला एवढेच सांग. ती येणार आहे का?"

इतके दिवस या प्रश्नाला त्याच्याकडे तयार उत्तर होते, आणि ते प्रश्न संपायच्या आत येई. आज ते आले नाही. त्याऐवजी बसस्टँडचा फलाट आला: सुट्टीच्या आदल्या दिवसाची गर्दी, मांडीवर वही, अर्धवट राहिलेली शेवटची ओळ पूर्ण करणारा त्याचा हात, आणि शेजारी उभी राहून बोलणारी रीना. शहापूरची गाडी लागत होती. ती एकेक शब्द सावकाश बोलत होती, कारण त्याचे डोके वर नव्हते. त्याने 'हो' म्हटले होते. ओळ पूर्ण केली होती, तिच्यापुढे पूर्णविराम दिला होता, आणि गाडी निघून गेल्यावरही वहीतून मान वर काढली नव्हती.

"तिने तुला काहीच सांगितले नाही?" सरांनी विचारले.

प्रितमने बाकाच्या कडेवरचे हात काढून घेतले.

"सांगितले होते, सर," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच. मी ऐकले होते."